वाचून दाखवला

टाचणीचं डोकं गंजलेलं, अर्जाच्या कोपऱ्यावर तिचा तांबूस डाग... घरात स्टेपलर असूनही बाबा टाचणीच लावतात. पोलिसांसाठी विद्यापीठ नवी पदवी सुरू करतंय, त्या पदवीसाठी आलेला हा पहिला अर्ज, निवृत्त बाबांचा. वय अडुसष्ट, नोकरी बत्तीस वर्षं. अभ्यासक्रम त्यांच्या मुलीने, तिनेच बांधलेला. आज एवढं एकच कलम उरलं होतं – वीस वर्षं नोकरी झालेल्यांना ‘जबाब नोंदवणे’ हा विषय माफ करायचा की नाही. समितीतले सगळे म्हणाले, करून टाका. ज्यांचा जन्म त्यात गेला त्यांना आपण काय शिकवणार? तिनेही मान हलवली होती.

फोन वाजला.

“पोचला का गं अर्ज?”

“पोचला, बाबा.”

“तो जबाबाचा विषय मला माफ आहे ना? नाहीतर जुने सोबती हसतील. तुलासुद्धा माफच आहे म्हणा.”

ते हसले. तिने “बघते” म्हणून फोन ठेवला.

रविवारची दुपार, पुसलेलं जेवणाचं टेबल, कोऱ्या कागदांचा गठ्ठा – आणि दहा वर्षांची ती, जीभ दातांत धरून प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहितेय: ‘जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ बाबांचा आठवडाभराचा वेळ वाचायचा. पोरीचं अक्षर बघा, असं ते ठाण्यात सगळ्यांना सांगायचे, आणि तिला इतकं भरून यायचं की... एकदा मी एका बैठकीत साठ कागद लिहिले. नंतर त्या ओळीच्या वर कोणी काय सांगितलं, ते त्याला वाचून दाखवलं की नाही, त्याचं पुढे काय झालं – मी कधी विचारलं नाही. साठ माणसं. बाबांनाही ती आठवत नसतील.

“मॅडम, तेवढी सही.” लिपिकाने शेवटचं पान पुढे सरकवलं. तळाशी टाईप केलेलं: ‘वरील मसुदा मी पूर्ण वाचला असून तो मला मान्य आहे.’ वर कलमाची जागा कोरी. “ते मी नंतर भरतो. तुमची खोटी नको व्हायला.”

बिचारा चांगल्या मनाने म्हणत होता. तिने पेन टेकवलं. विषय माफ नाही असं लिहिलं, तर पहिल्या बाकावर बाबा बसणार, मान खाली घालून. आणि त्यांच्या शेजारची जागा माझी.

“थांबा जरा,” ती म्हणाली. पेन मात्र तिने अजून कागदावरून उचललं नव्हतं.