मधल्या दिव्यावरची तीट

मी कीबोर्ड बोलतोय. बोलतोय हा शब्द तसा मोठाच झाला. आजवर ज्याने त्याने माझ्या डोक्यात टिचक्या मारून आपलंच बोलून घेतलं. आज जरा माझं ऐका.

माझा जन्म चीनमधला. पाठीवर तसं छापलंय. खोक्यात झोपलो तो डोळे उघडले थेट सांगलीत, हळदीच्या पेठेजवळ, नानासोंच्या टायपिंग आणि छपाईच्या दुकानात. साल पंचाण्णव. महिन्याभरातच माझी पांढरी बटणं पिवळी पडली. पेठेतला माणूस बोटांना हळद घेऊनच आत यायचा, आणि मला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. नवरदेवाला एकदा हळद लागते, मला रोज.

मी होतो प्रियदर्शनीच्या हाताखाली. एम.कॉम. झालेली, नऊ महिन्यांच्या मुलीची आई. मुलगी आम्रपाली घरी सासूबाईंजवळ असायची, पण आईचा अर्धा जीव तिथेच. लग्नपत्रिकेतलं गाव लिहिता लिहिता बोटं थांबायची. पेज गरम तर दिली नसेल? पंख्याची वायर हाताशी आली नसेल? बाळंतपणात आपली अक्कल पातळ झाली, असं ती हसत सांगायची. हसणं संपल्यावर तिची बोटं गार पडायची, ते मात्र मलाच कळायचं.

एकदा मुलीला तीट लावून घाईत निघालेली, बोटाला काजळ तसंच राहिलेलं. ते कुठं पुसावं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. तिथे माझे तीन बारीक दिवे आहेत. मधला नेमका झाकला गेला. "असू दे, तुलाही कुणाची लागायला नको," ती पुटपुटली. पुढे ती रीतच पडून गेली. नजरेवर तिचा विश्वास नव्हता. फक्त भीती होती. मी मात्र तीट मिरवत होतो. खोटं कशाला सांगू, इतक्या मायेनं मला कुणी कधी खराब केलं नव्हतं.

हा मधला दिवा कॅप्स लॉकचा. आमच्या मराठीच्या प्रोग्रॅममध्ये ते बटण दाबलं की इंग्रजी जाऊन मराठी उमटायची. त्यामुळे प्रियदर्शनी खुर्चीत बसली रे बसली की पदर सावरायच्या आधी तिची डावी करंगळी त्यावर पडायची. पडद्यावर मराठी दिसली की झालं, दिव्याकडे बघतंय कोण?

शहाण्णवच्या उन्हाळ्यात पेठेतल्या एका व्यापाऱ्याची हळद सिंगापूरला निघाली. नमुन्याच्या पुड्यांवर चिनी अक्षरांत लेबल हवं होतं. तिकडच्या गिऱ्हाइकाने चिनी लिहायच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पाठवली होती आणि सोबत फॅक्स. त्यात वर चिनी अक्षरं, खाली त्यांचे उच्चार मोठ्या इंग्रजी लिपीत. उच्चार टाइप करायचा, खाली अक्षरांची रांग येते, त्यातलं हवं ते आकडा दाबून उचलायचं. एवढंच. व्यापाऱ्याचा मुलगा नमुने घेऊन संध्याकाळच्या सहाच्या गाडीने मुंबईला जाणार होता. जमेल का, असं नानासोंनी विचारलं आणि प्रियदर्शनी हो म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

सकाळी नऊला तिने फॅक्समधला पहिला उच्चार, 'जिआंग', टाइप केला. पडद्यावर इंग्रजीतच उमटलं, मोठ्या लिपीत. फॅक्समध्येही तसंच होतं, त्यामुळे तिला त्यात खोट दिसेना. पण खाली रांग काही येईना. तिने प्रोग्रॅम पुन्हा भरला. माझी वायर काढून घातली. मला पालथा करून बडवलं; माझ्यातून राजगिऱ्याचे दाणे आणि एक टाचणी पडली. कॉम्प्युटर चार वेळा बंद करून चालू केला. दर वेळी माझा दिवा विझायचा, मी म्हणायचो, सुटलो! आणि दर वेळी ती बसताच करंगळी येऊन तो पुन्हा पेटवायची. तिटेखाली मी हिरवागार जळत होतो. ओरडायला तोंड कुठून आणू?

दुपारी नानासो येऊन उभे राहिले. मला उचलून त्यांनी माझी पाठ वाचली.

"ताई, ह्यो तर चीनचाच हाय की. आपल्या गावची भाषा इसरला काय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "जमत नसंल तर सांगा, तसं व्यापाऱ्याला कळवतो. राग न्हाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते कोल्हापूरला फोन करून नवा कीबोर्ड मागवायला गेले आणि प्रियदर्शनीने मराठीत तीन ओळी लिहिल्या. घरगुती अडचणीमुळे उद्यापासून मी कामावर येऊ शकत नाही. छापल्या नाहीत, नुसत्या ठेवून दिल्या. त्या दिवशी ती आणि मी, दोघंही जाणार होतो.

तेवढ्यात रोजच्याप्रमाणे बनाबाई, तिच्या सासूबाई, नातीला पाजायला घेऊन आल्या. सुनेचा उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला. मांडी घालून बसल्या आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागल्या.

"मशीनला तीट लावलीयास व्हय गं?"

प्रियदर्शनीने पोरीला जवळ घेतलं.

"पोरीच्या गालाला गोड दिसती म्हून मी बोलत न्हाई. छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी धा वर्साची हुती. आमच्या आईनं गंडंदोरं समदं तवाच सोडलं. आन् तू एवढी शिकून यंत्राला जपतीस?"

"चुकून लागलं, आत्या," असं म्हणत ती कानापर्यंत लाल झाली आणि तिने पदराने माझं कपाळ खसाखसा पुसलं.

हिरवा दिवा लखकन दिसला.

ती बघतच राहिली. "हा चालू का आहे?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला प्रश्न विचारत होतं. तिने बटण दाबलं, दिवा विझला. आम्रपालीला तशीच काखेत धरून तिने एका हाताने, एका बोटाने 'जिआंग' लिहिलं, या वेळी ते लहान लिपीत उमटलं. खाली अक्षरांची रांग सरसर उमटली. रांगोळीचे ठिपके जुळवावेत तशी फॅक्सशी ताडून ती एकेक अक्षर उचलू लागली. इतक्या दिवसांनी जन्मगावची बोली कानावर पडली म्हणून माझी बटणं नुसती टकटकत होती.

साडेपाचला नानासो लेबलं घेऊन स्टँडकडे निघाले. जाता जाता विचारलं, बिघडलं काय हुतं?

"नजर काढली," प्रियदर्शनी गंभीरपणे म्हणाली.

"काढली न्हाई, पुसली," बनाबाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर तिने त्या तीन ओळी उघडल्या. फाइल एका दमात पुसता आली असती. पण शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत तिने एकेक अक्षर माझ्याकडून पुसून घेतलं. मोडलेल्या माणसाचं टाइपिंग मला कळतं. हे तसलं नव्हतं.

आता नव्व्याण्णव साल आहे. दुकानात नवा कीबोर्ड आहे. मी निवृत्त होऊन प्रियदर्शनीच्या घरी आलोय. वायर नाही, दोन बटणं गेलीत, हळद तेवढी टिकून आहे. आम्रपाली मला मांडीवर घेऊन ऑफिस-ऑफिस खेळते. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. काम अडलं की स्वतःची अक्कल काढण्याआधी एकदा त्याच्या कपाळाकडे बघा, एवढंच मागणं.

आम्रपाली बसली की आईसारखीच आधी डावी करंगळी टेकवते. वायर नसल्याने दिवा काही लागत नाही. पण ती मान वाकवून तो बघते आणि मगच लिहायला लागते.