दत्तप्रसादची जबानी

मित्रांनो, बहारीनमधल्या मुहर्रक शहराच्या एका टायपिंग सेंटरमध्ये, खिडकीशी धूळ खात बसलेला करडा टाईपरायटर दिसला, तर ओळखा, तो मीच.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. वसईच्या मार्कस अंकलनी मला चादरीत गुंडाळून बहारीनला आणलं. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांचे करार आणि खलाशांच्या जबान्या लिहायला लेखनिक असत. अंकल मला म्हणत, "आपण त्यांचेच वारस. टाक गेला आणि तू आलास." वर्षानुवर्षं आम्ही जहाजांची कागदपत्रं टाईप केली. माझी ठसठशीत अक्षरं पाहून कप्तान खूश होत. मग कॉम्प्युटर आले आणि माझ्यावर कापड पडलं.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी प्रिंटर बंद पडला, म्हणून अंकलनी मला पुढे ओढलं. समोर मालवणचा खलाशी दत्तप्रसाद बसला होता. माल चढवताना दोर तुटून पेटी त्याच्या उजव्या हातावर पडली होती. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अंकलच्या कानाशी वाकून, दत्तप्रसादला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, कंपनीचा मॅनेजर त्याची जबानी सांगत होता आणि अंकलची बोटं माझ्यावर चालत होती.

"आगे लिखो, मैं शराब पिया हुआ था."

बोटं थांबली.

"यल्ला, जल्दी टाईप करो!"

अंकल वळले. "दत्ता, हे म्हणतात तू दारू प्यायला होतास. तसं लिहू?"

दत्तप्रसाद ताडकन उठला. "नाय ओ अंकल! दोर कुजललो. मी कप्तानाक आदीच सांगितललंय!"

मॅनेजरने टेबलावर हात आपटला. "हमारा सब काम यहाँ से बंद कर दूँगा!"

आवाज ऐकून आतून मालकीण हुदा आली. अंकलचा व्हिसा तिच्या हातात होता आणि दुकानाचं निम्मं काम याच कंपनीचं होतं. अंकलनी घडलेलं सांगितलं. त्यांची बोटं अजून माझ्यावरच होती. अर्धा कागद माझ्या रुळात अडकलेला.

हुदा दत्तप्रसादच्या बँडेजकडे बघत राहिली.

"मार्कस, उसने जो बोला, वही लिखो. खलास."

मॅनेजर दार आपटून गेला. अंकलनी नवा कागद चढवला. 'कुजलेला दोर' असं इंग्रजीत इतक्या जोरात टाईप केलं, की पूर्णविरामाने कागदाला भोक पडलं. प्रत्येक ओळ त्यांनी दत्तप्रसादला मराठीत वाचून दाखवली, मगच डाव्या हाताचा अंगठा घेतला.

चौकशीत कप्तानानेही दोराची गोष्ट कबूल केली. दत्तप्रसादचे उपचार कंपनीच्या खर्चाने चालू राहिले, त्याला किनाऱ्यावरचं काम मिळालं. पण हाताची दोन बोटं गेली. कंपनीने आमच्या दुकानाला काम देणं मात्र खरंच बंद केलं. आता बऱ्याच दुपारी अंकल रिकामे बसतात आणि माझी रिबन सुकत चालली आहे.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना कधी थेंबभर तेल घातलंत, तर मला बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं असं आहे. उद्या तुम्ही शिकून दुसऱ्या कुणाच्या नावाने काही लिहाल. सही घेण्याआधी ते त्याला त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. आणि वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.