शेपटीवर बसलेलं विमान

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं, प्लॅस्टिकचं, आणि मनात डूख धरणारं. हो, डूख! क्षमा वगैरे शिकायची असेल, तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मी खोक्यात सुट्या भागांच्या रूपात होते, तेव्हा एका गृहस्थाने मला घरी आणलं. मॉडेलवाल्यांच्या क्लबात त्याला सगळे थट्टेने 'कप्तान' म्हणत, आणि त्याला ते खरंच वाटे. माझ्यासारख्या तीन चाकांच्या विमानाचं पोट चिकटवण्याआधी नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर शेपूट जड होते. सूचनांच्या कागदावर हे ठळक छापलं होतं. पण कागद वाचेल तो कप्तान कसला! त्याने घाईघाईत पोट चिकटवलं, चाकं लावली, मला टेबलावर ठेवलं, आणि मी धपकन शेपटीवर बसले.

"भंगार माल!" असं ओरडून त्याने मला खोक्यात कोंबलं आणि खोकं पलंगाखाली ढकललं. चूक त्याची आणि शिवी मला! चार वर्षं धूळ खात मी तो एकच शब्द घोकला.

मग क्लबाने नवशिक्यांची स्पर्धा ठेवली. कप्तानाची बायको दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. तिने नाव दिलं.

"एखादं लहानसं विमान घे," कप्तान म्हणाला. "तुला तेवढंच झेपेल."

तिने वाकून पलंगाखालून मला ओढलं.

"अगं, ते? ते शेपटीवर बसतं!"

"बसू दे. उठवते मी त्याला."

कवळीच्या कामातल्या बारीक करवतीने तिने माझं पोट उघडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू! मग गळाला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या तिने माझ्या नाकात एकेक करून चिकटवल्या, पोट मिटवलं, आणि फट इतकी घासली की बोटालाही जोड सापडू नये. पुढचं चाक टेबलाला टेकलं, तेव्हा ती एकटीच खुदकन हसली. त्या हसण्यासाठी मी जीव टाकला असता.

रंग वाळला आणि कप्तान लगेच हजर. "कार्डावर माझंही नाव घाल हं. जोडलं तर मीच होतं."

"घालते की," ती म्हणाली.

माझा संताप संताप झाला. तिचं पहिलंवहिलं काम, आणि त्याच्यावरही हा डल्ला मारणार! क्लबातले लोक म्हणणार, कप्तानानेच करून दिलं असेल.

स्पर्धेत प्रत्येक मॉडेलपुढे एक कार्ड असतं. कोणतं काम कुणी केलं, ते त्यावर लिहायचं आणि परीक्षकांनी सगळ्यांसमोर वाचायचं. आमची पाळी आली. कप्तान छाती फुगवून पुढे सरकला. परीक्षकांनी चष्मा सारखा केला.

"पोट चिकटवलं, नवऱ्याने, नाकात वजन न भरता. पोट कापून वजन भरलं आणि बाकीचं सगळं केलं, मी."

सगळा हॉल हसला. "अहो कप्तान, कागद वाचत चला जरा!" मागून कुणीतरी ओरडलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी डोळे भरून बघितलं. आम्हाला तिसरा नंबर मिळाला, पण माझा पहिला तिथेच आला होता.

मित्रांनो, वस्तू जपा. एखादं काम नाही जमलं, तर ती वस्तू मुकाट्याने बाजूला ठेवा, पण आपल्या चुकीपायी तिला भंगार म्हणू नका. आता मी जेवणाच्या टेबलासमोरच्या फळीवर असते. जागा बायकोने निवडली आहे. कप्तान रोज माझ्यासमोर बसून जेवतो, खाली मान घालून.