कढत पाण्यातला स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना लोकरी स्वेटर आहे. मला कुरवाळायला येऊ नका. माणसांच्या हातांवरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे.

दोन मुलींच्या आईने मला स्वतःसाठी विणले आणि धुतलेही तिनेच. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण विरघळवून ती मला हलकेच दाबायची. पिळायची नाही, घासायची नाही. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायची आणि सावलीत आडवे पसरायची. ओली लोकर टांगली की स्वतःच्याच वजनाने लोंबते, हे तिला ठाऊक होते.

आई गेली आणि थोरलीने मला उचलले.

"आई काय तुझ्या एकटीची होती?" धाकटीने विचारले.

"शेवटच्या दुखण्यात उशाशी कोण होतं?"

पुढे भेट झाली की हाच विषय. शेवटी वैतागून थोरलीने मला पिशवीत कोंबले आणि धाकटीच्या दारात आदळले. "घे. घाल आणि मिरव."

धाकटीने मला नाकाशी धरले. तिला आईचा वास हवा होता. आला तो थोरलीच्या तेलाचा. तिने ओठ आवळले, बादलीत कढत पाणी ओतले, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि ब्रश उचलला.

मित्रांनो, लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात आणि सोड्यात ते उभे राहतात. वरून घासले की एकमेकांत रुततात आणि मग मागे सरकत नाहीत. मी आकसलो. जाड झालो. बाहीत मनगटही जाईना.

थोरलीला कुठूनसे कळले. ती आली आणि तिने मला उलटसुलट करून पाहिले.

"मुद्दाम केलंस."

"तुझा वास जात नव्हता."

थोरलीने कात्री मागितली. निदान लोकर तरी सोडवून घ्यावी म्हणून तिने काठ कापला आणि धागा ओढला. तो तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला.

"ओढू नकोस, फाटेल," धाकटी म्हणाली.

"आता फाटायचं काय राहिलंय?"

थोरली मला जमिनीवर टाकून गेली. त्यानंतर त्या घराची पायरी ती चढली नाही. धाकटीने मला कपाटाच्या तळाशी ढकलले. मधूनच ती दार उघडते, मला पाहते आणि थोरलीलाच बोल लावते.

मित्रांनो, लोकर धुवायला कोमट पाणी आणि मऊ हात पुरतो. तुमच्या डोक्यात कोणाचा राग असेल, तर त्या दिवशी तिला हातच लावू नका.