शेवटची चार अक्षरं

बारामतीच्या कॉलेजातल्या त्या सभागृहात आता व्यासपीठावर दोघंच उरली होती. सणसरची दिशा आणि बारामतीच्याच इंग्रजी शाळेतला अनुप. बाकीची पोरं एकेक करून खाली येऊन बसली होती.

दिशाची आई साखरबाई तिसऱ्या रांगेत पदर गच्च धरून बसली होती. इथं कशाचा फैसला व्हायचाय ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या नंबराला दोन वर्षं मुलींच्या वसतिगृहात फुकट जागा होती आणि कॉलेजची फीसुद्धा माफ. दिशाच्या बापानं, ज्ञानदेवनं, सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं, "नंबर आला तर पोरगी बारामतीत ऱ्हाईल. न्हाय आला तर धावी झाली तेवढी बास. मग मला कुणी काय म्हणायचं न्हाय."

खेळ साधा होता. परीक्षक फारुक सरांनी फळ्यावर चार अक्षरं लिहिली होती, आय, जी, एच, टी. ज्याच्या शेवटी ही चार अक्षरं येतात असा शब्द आळीपाळीनं सांगायचा. सर टेबलावर पट्टीचे ठोके देत. दहाव्या ठोक्याला शब्द नाही आला तर बाद. एकदा होऊन गेलेला शब्द सांगितला तरी बाद.

अक्षरं फळ्यावर उमटली तेव्हा साखरबाईचा जीव भांड्यात पडला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण लाइट, नाइट, राइट, फाइट ही माळ तिच्या कानात पक्की बसलेली. रोज पहाटे घरात मेणबत्ती लागायची, मायलेकी त्रिशरण-पंचशील म्हणायच्या, आणि वंदना संपली की दिशा त्याच चालीवर इंग्रजी शब्द म्हणायची. साखरबाई हात जोडलेलेच ठेवायची. शब्दांचा अर्थ तिला कळत नसे, पण पोरीच्या मागोमाग तीही पुटपुटायची. वर्षभरात एक दिवस चुकला नव्हता.

खोट होती ती तिथंच. माळ पहिल्यापासून म्हटली तर दिशाचं सरसर चालायचं. मधूनच तोडली की तिला पुन्हा पहिल्या शब्दावर जावं लागायचं. आणि अनुप तर मधलेच शब्द उचलत होता.

"टाइट," अनुप म्हणाला.

ठक. ठक. ठक. दिशाचे ओठ हलत होते. सहावा ठोका पडला. सातवा पडला. तिनं समोर आईकडं पाहिलं.

"ब्राइट!"

"सर!" अनुप ताडकन वळला. "त्या बाई सांगतायत हिला. तिसऱ्या रांगेतल्या. मी मघापासून बघतोय, त्यांचे ओठ हलतायत."

सगळं सभागृह वळलं. मागून एक पोरगं ओरडलं, "आईलाच बसवा की वर!" हशा झाला.

"बाई, तुम्ही सांगत होतात?" फारुक सरांनी विचारलं.

साखरबाई उभी राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. इंग्रजीचा गंध नसलेली बाई काय सांगणार, म्हणून सगळ्यांनी मानलंही असतं. पण पहाटेच तिनं खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं.

"सांगत न्हवते, सर," ती हळू म्हणाली. "पर व्हट हालले माझे. रोज हिच्यासंगं म्हणती, म्हणून हालले. पोरीनं बघितलं का न्हाय, ते मी कसं सांगू?"

दिशाचा चेहरा पांढराफटक पडला.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ब्राइट धरायचा नाही. दिशा, दुसरा शब्द सांग. आणि बाई, तुम्ही बाहेर बसा."

साखरबाई व्हरांड्यात आली. खिडकी डोक्याच्या वर होती. आतलं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला. न जाणो, इथंही ओठ हलायचे.

ठक. ठक. पट्टीचा आवाज भिंतीतून आल्यासारखा येत होता. 'मीच घालवलं पोरीचं,' तिला वाटलं. आठवा ठोका पडला. मग नववा.

"मिडनाइट."

साखरबाईनं कपाळावर हात मारला. अगं, नाइट तर मघाशीच होऊन गेला!

"चालेल," सर म्हणाले. "शब्द वेगळा आहे."

"डिलाइट," अनुपचा आवाज आला.

पुन्हा ठोके. या वेळी चौथ्यालाच दिशा बोलली. तिच्या आवाजाला वंदनेची चाल नव्हती. "स्ट्रेट."

हा शब्द साखरबाईनं कधी ऐकलाच नव्हता. माळेत तो नव्हता, कानालाही इतरांसारखा लागत नव्हता. चुकली! ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

आत पट्टी वाजतच होती. पाच. सहा. कुणासाठी वाजतेय, तेच कळेना. आठ. कुणीतरी "अरे, बोल ना!" म्हणालं. दहा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साखरबाई उठली नाही. त्या बारामतीच्या पोराच्याच असणार, तिचं मन म्हणत होतं.

दार उघडलं. दिशा धावत आली आणि आईसमोर गुडघ्यांवर बसली.

"आई, त्याला आलाच न्हाय शब्द!"

साखरबाईनं तोंडातला पदर काढला. "आन् तुझा त्यो शेवटचा? त्यो तर आपल्यात न्हवता की गं."

"न्हवता. तू भाहीर गेलीस, मग माळ म्हणायचीच सोडली मी. फळ्याकडं बघत बसले. चार अक्षरांच्या आधी काय काय लावता येतंय, ते बघितलं. स्ट्रेट कानाला येगळा लागतो, पर लिवताना शेवटी तीच चार अक्षरं येत्यात."

 साखरबाईनं दिशाच्या कपाळावरचा घाम पुसला आणि उठली.

"चल. सनसरची यष्टी गाठू. तुज्या बाला नंबर आल्याचं मी सांगणार हाय, तू मधी बोलायचं न्हाय."