चाकामागचा पिवळा ठोकळा

मित्रांनो, मोटारींच्या शर्यतीला तुम्ही कधी गेला असाल, तरी तुमची नजर माझ्यावर पडली नसेल. सगळे बघायचे गाडीकडे, आणि मी असायचो तिच्या मागच्या चाकाखाली. वीतभर उंचीचा, एका बाजूने उतरता, एके काळी पिवळा असलेला जुना लाकडी ठोकळा मी. तळाला जुन्या टायरची पट्टी ठोकलेली आहे आणि बाजूला झाडूच्या दांड्यासारखा लांब दांडा आहे.

माझा जन्म एका सुताराच्या घरालगतच्या कारखान्यात झाला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि तो येणाऱ्या बाळासाठी खाट करत होता. खाटेचे चार पाय झाले, कठडा झाला आणि जाड लाकडाचा एक तुकडा उरला. फेकवेना म्हणून त्याने मला फळीवर ठेवून दिले. पुढे त्या खाटेत मुलगी आली. ती झोपेत लाथा झाडायची, खाट करकरायची, आणि फळीवर पडल्या पडल्या मला वाटायचे, खाट आणि मी एकाच लाकडाचे, म्हणजे या बाळाचा मीही कुणीतरी लागतोच की!

शहराबाहेर एक घाट होता. वर्षातून दोन दिवस तो वाहतुकीला बंद करून तिथे शर्यत होई. या शर्यतीत गाड्या एकमेकींशी झुंजत नाहीत. एका वेळी एकच गाडी खालून निघते आणि एकटीच वर जाते. तिची लढत घड्याळाशी. निघायची रेषा मात्र चढावरच. गाडी थांबवली की मागे घरंगळते. एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर, मग वेग द्यायला तिसरा पाय आणायचा कुठून? सुताराला या शर्यतीचे भारी वेड. त्याने मला फळीवरून काढले, तासले, पट्टी ठोकली, दांडा बसवला आणि पिवळा रंग दिला. गाडी रेषेवर आली की तो मला मागच्या चाकाला लावी. चालक गाडी हळूच माझ्यावर टेकवी आणि ब्रेकवरचा पाय मोकळा करी. गाडी सुटली की खडी माझ्या तोंडावर उडे, क्लच जळल्याचा वास येई, आणि सुतार दांडा धरून मला बाजूला ओढी.

सगळे त्याला सुतारकाका म्हणू लागले. जुने चालक थट्टा करायचे, "काय काका, ठोकळा सोन्याचा आहे का? पोराला घेतात तसा काखेत घेऊन फिरता!" पण माझ्याशिवाय निघायला एकही तयार नसे.

काकांचा जीव असायचा तो पहिल्यांदा आलेल्यांवर. नवखा माणूस लगेच ओळखू येतो. हेल्मेट नवे कोरे आणि ओठ कोरडे. काका खिडकीशी वाकत आणि म्हणत, "दिवा हिरवा झाला म्हणजे जायची परवानगी मिळाली. हुकूम नाही. घड्याळ तुझी गाडी रेषा ओलांडेल तेव्हाच सुरू होतं. दोन श्वास घे आणि मग नीघ."

"पण काका, मागचे खोळंबतील."

"खोळंबू देत की. ते काय चुलीवर दूध ठेवून आलेत?"

गाडीतली सुटी वस्तू न् वस्तू ते काढायला लावत, कारण वळणावर पाण्याची बाटली गडगडत येऊन ब्रेकखाली बसू शकते. एकाच्या मागच्या सीटवर इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी निघाली. "बायकोने सांगितलंय, येताना घेऊन ये," तो ओशाळून म्हणाला. काका म्हणाले, "येताना ना? मग जाताना कशाला नेतोस?"

पण त्यांचा सगळ्यात मोठा आग्रह वेगळाच होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, ते नवख्यांना घेऊन सबंध घाट पायी चढत. गाडीतून नाही, पायी. कुठे रस्ता आत कलतो, कुठे वळण दिसते त्याहून जास्त वळते, हे पायांना कळते, असे ते म्हणत. चौथ्या वळणावर म्हणे ते हमखास थांबत. तिथे झाडे दाट. ऊन दहाशिवाय पोचत नाही, तोवर दवाने रस्ता ओला असतो. हे मी ऐकून होतो. मी स्वतः कधी वर गेलो नव्हतो. माझे जग त्या रेषेपुरते.

खाटेतल्या त्या मुलीचेही तसेच होते. काकांची मुलगी शर्यतीला त्यांच्याबरोबर येई आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात माझ्यावर बसून तोंडाने 'भुर्रर' करी. म्हणून तिचे नाव पडले भुर्री. माझ्यावर कितीतरी टन वजन येऊन गेले असेल, पण त्या फ्रॉकमधल्या ओझ्याची आठवण अजून जात नाही.

भुर्री एकवीस वर्षांची झाली. बापलेकीने दोन वर्षे कारखान्याच्या अंगणात एक जुनी छोटी गाडी उघडून पुन्हा जोडली. त्या वर्षी नवख्यांच्या यादीत तिचे नाव होते. आई बारीक आवाजात म्हणाली होती, "अहो, तिला एकदा वरपर्यंत चालवून आणा हं."

"आणतो गं. सगळ्यांना आणतो, तिला नाही आणणार?"

आदल्या दिवशी दुपारी नेमका वेळ मोजणाऱ्यांच्या मांडवाचा एक खांब मोडला. सुतार म्हटल्यावर हाक काकांनाच. चार वाजले. भुर्री बुटांच्या नाड्या घट्ट बांधून समोर उभी राहिली.

"बाबा, चला ना."

"अगं, हे बघतेस ना? तू जा त्यांच्याबरोबर. आणि तू काय नवखी आहेस का? तुझं लहानपण गेलं या घाटात."

"या रेषेवर गेलं, बाबा. वर कुठं गेलं?"

काका हसले. तिला दुसऱ्या कुणाबरोबर जायचे नव्हते. मग तीही हसली, बाही वर सारून खांब धरून उभी राहिली आणि तोंडात खिळे धरून एकेक त्यांच्या हाती देऊ लागली. नवखे दुसऱ्याच कुणाबरोबर वर गेले. बापलेकीचे काम अंधारून येईपर्यंत चालले. मित्रांनो, त्या दोघांना इतके आनंदात मी कधी पाहिले नव्हते. म्हणूनच ती संध्याकाळ मला आठवायला नको वाटते.

सकाळी आठच्या सुमारास तिची गाडी माझ्यावर टेकली. सरावाची पहिली फेरी. काका वाकले.

"दिवा हिरवा झाला म्हणजे..."

"परवानगी, हुकूम नाही. पाठ आहे, बाबा. पहिली फेरी फक्त ओळख करून घ्यायची, तेही पाठ आहे."

तिने दोन श्वास घेतले. माझ्यावरचे वजन उतरले आणि ती गेली. काका दांडा धरून तसेच उभे राहिले. ते आवाजावरून गाडी ओळखत. पहिले वळण. दुसरे. तिसरे. मग टायर किंचाळल्याचा आवाज आला, आणि पुढे काहीच नाही.

वायरलेसवर कुणीतरी म्हणाले, "चौथं वळण. गाडी रस्त्याबाहेर."

काका धावत सुटले. मी त्यांच्या हातातच होतो, आणि हे त्यांना ठाऊकही नव्हते. असा मी पहिल्यांदा तो घाट पाहिला. चौथ्या वळणावर सावली होती. रस्ता काळा आणि ओला होता. गाडीचे नाक झाडात चिरडले होते, मागची चाके उतारावर होती आणि गाडी इंचाइंचाने खाली सरकत होती. भुर्रीचा डावा पाय पेडलांमध्ये अडकला होता. गाडी धरून असलेली माणसे ओरडत होती, "दगड लावा कुणीतरी!" पण दगड होते कुठे? शर्यतीसाठी कडेचे सगळे दगड आदल्या दिवशीच वेचून टाकले होते.

काकांनी आपल्या हाताकडे पाहिले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी मला चाकाला लावले.

अर्धा तास ती गाडी माझ्यावर होती. माझ्या अंगात उभी चीर गेली, पण मी हललो नाही. तिला बाहेर काढताना ती शुद्धीवर होती. "बाबा, मी जोरात नव्हते हो," असे ती पुन्हापुन्हा म्हणत होती. ते खरेच होते. सगळ्यांनी नंतर तसेच सांगितले.

ती वाचली. डाव्या पायात मात्र क्लच दाबण्याएवढा जोर पुन्हा आला नाही. दवाखान्याच्या बाकावर, मी अजून हातातच असताना, काका आईला एकच वाक्य म्हणाले. "इतक्या जणांना सांगितलं गं, की तिलाही सांगितलंय असंच वाटलं मला." आईने त्यांच्या बाहीवरचा चिखल पुसला. मला मागे जाणारी गाडी अडवता येते. पुढे जाणारी अडवायला मला कुणी घडवले नव्हते.

त्यानंतर काका घाटाकडे फिरकले नाहीत. मी कारखान्यात प्लायवूडच्या मागे पडलो. रंग उडाला, एका कोपऱ्याला वाळवी लागली. एकदा झाडताना आईने विचारले, "हा टाकून द्यायचा का?" काका न बघता म्हणाले, "असू दे." घरात कुणी कुणाला बोल लावत नव्हते, पण जेवताना भांड्यांचाच आवाज येई.

सहाव्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, भुर्री काठी टेकत कारखान्यात आली. तिने प्लायवूड सरकवले, मला बाहेर ओढले आणि फुंकर मारली.

"बाबा, चला ना."

रंधा थांबला. "कुठं?"

"नवख्यांना घाट दाखवायला. यंदा सांगणारं कुणी नाही."

"मला नाही जमायचं, बाळा."

"मग नका सांगू. नुसतं चला."

आईने दारात बूट आणून ठेवले होते. पुसलेले.

नवखे चौघे होते. त्यांत एक बसचालक होता. तो काठीकडे बघून म्हणाला, "ताई, पन्नास माणसं घेऊन रोज घाट चढतो मी. मला काय शिकवता?"

"उद्या गाडीत एकटेच असाल," भुर्री म्हणाली. "चुकलं तर ओरडायला मागे कुणी नसेल." तो हसला आणि मुकाट्याने चालू लागला.

काका माझा दांडा धरून शेवटी चालत होते. तिसऱ्या वळणावर ते थांबले आणि कठड्यावर बसले.

"पुढचं तू सांग," ते म्हणाले.

भुर्रीने आग्रह केला नाही. ती पुढे गेली. काकांनी मला मांडीवर घेतले आणि कान दिला, जसा पूर्वी गाड्यांना देत तसा. आता ऐकू येत होती काठी. टक, टक, टक. ती वळणाआड गेली, बारीक होत गेली आणि थांबली. काकांची बोटे माझ्या चिरेवर घट्ट झाली.

मग भुर्रीचा आवाज आला, खालपर्यंत पोचावा इतका मोठा. "इथं दहापर्यंत ऊन येत नाही. तोवर रस्ता ओला असतो. हे माझे बाबा सगळ्यांना सांगायचे!"

"तुला सोडून," काका म्हणाले. ते फक्त मी ऐकले.

मित्रांनो, आता माझ्यावर गाडी टेकवत नाहीत. चीर गेलेल्या लाकडावर टेकवूही नये. नवा ठोकळा आला आहे, त्याला जपा, त्याचा तळ दर वर्षी तपासा. पण माझे मागणे वेगळे आहे. दहा परक्या माणसांना जे कळवळून सांगता, ते घरच्या माणसालाही सांगा. 'तुला काय, माहीतच आहे' असे म्हणू नका. आणि कुणी बुटांच्या नाड्या बांधून समोर उभे राहिले, 'चला ना' म्हणाले, तर हातातला खिळा तसाच खाली ठेवा आणि उठा.