सोडलेली जनावरं

गवत पिवळं पडायला लागलं त्या दिवसांत वरच्या गोम्पात, म्हणजे भिक्षूंच्या मठात, प्रवचन झालं आणि युमत्सोने बोधिसत्त्वाचं व्रत घेतलं. आमच्या खोऱ्यातल्या बऱ्याच बायकांनी घेतलं. पण बाकीच्यांनी ते घरी नेऊन खुंटीला टांगलं, युमत्सोच्या मात्र ते काळजात रुतलं. प्रत्येक जीव कधीतरी आपली आई होता, आणि शेवटचा जीव सुटेपर्यंत मी एकटी सुटणार नाही, असं ती याकच्या धारा काढताना पुटपुटायची. तिचा नवरा गोन्पो-क्याब म्हणायचा, "सगळे सुटले की जाताना दार ओढून घे म्हणजे झालं."

पुढच्याच आठवड्यात ल्होद्रुप नावाचा शहरातला व्यापारी कत्तलखान्यातून सोडवलेले याक ट्रकांत भरून घेऊन आला. प्रत्येकाच्या कानात लाल लोकर ओवलेली होती. लामांनी मंत्र म्हणून पाणी शिंपडलं, ल्होद्रुपने डोळे पुसले, फोटो निघाले आणि याक मोकळे केले. असं सोडलेलं जनावर कोणाचंच नसतं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्याचं दूधही काढायचं नाही.

पण पोट तर त्यालाही असतं. त्या परक्या याकांनी कुंपणाची तार तोडली आणि ते गोन्पोच्या हिवाळी कुरणात शिरले. गोन्पोने गोफण चालवली. दुसऱ्याच दिवशी गोम्पाच्या कारभारी भिक्षूने त्याला बोलावून घेतलं.

"सोडलेल्या जनावराला दगड मारलास म्हणे?"

"मग तुम्ही वर घेऊन जा त्यांना."

"गोम्पाला कुरण कुठे आहे? थोडी करुणा ठेव, गोन्पो. चार घास त्यांनी खाल्ले म्हणून काय होतंय?"

काय होतंय ते थंडीत कळलं. आधी पाऊस झाला, तो जमिनीवर गोठला आणि त्यावर बर्फ साचलं. गवत काचेखाली गेल्यासारखं झालं. घराच्या आडोशाला गोन्पोने रचलेली गंजी तेवढी उरली होती. काटकसर केली तर त्याच्या स्वतःच्या याकांना ती कशीबशी पुरली असती. लाल लोकरीचे याक कुंपणाशी येऊन नुसते उभे राहायचे. हंबरायचंही बळ त्यांच्यात नव्हतं. युमत्सो पेंढ्या उचलून त्यांना टाकायला लागली.

गोन्पोने तिचा हात धरला. "आपल्या गाभण्या आहेत, युमत्सो. त्यांनी काय खायचं?"

"हे मरायला टेकलेत."

"ह्यांना घातलंस तर दोन्हीकडचे मरतील. एवढा हिशोब कळत नाही तुला?"

"कळतो. पण माझ्याकडे बघताहेत ते. कोणाला सांगू, तू माझी आई नव्हतीस म्हणून?"

"आणि घरात खोकत पडलीय ती? ती माझी खरी आई आहे. तिला दूध कुठून आणणार तू?"

युमत्सोने हात सोडवून घेतला. हातातली पेंढी तिने त्यांच्यापुढे टाकलीच. गोन्पोने त्यानंतर तिला अडवलं नाही, आणि तिच्याशी बोलणंही जवळजवळ सोडलं.

तो म्हणाला तसंच झालं. बर्फ वितळलं तेव्हा कुरणभर मेलेली जनावरं होती. काहींच्या कानात लोकर, काहींच्या नाही. लाल लोकरीतले दोन-चार जगले. युमत्सोच्या कळपातली मूठभर वाचली, त्यात सेरमो नावाची तिची लाडकी याक होती. वासरू मात्र तिने मेलेलंच टाकलं.

वसंतातल्या पूजेला लामांनी युमत्सोला पुढे बोलावून तिच्या गळ्यात खाता, म्हणजे मानाचा पांढरा शेला, घातला. "बोधिसत्त्व बघायचा असेल तर हिच्याकडे बघा," ते सभेला म्हणाले. म्हाताऱ्या बायका तिच्या हाताला कपाळ टेकवायला लागल्या. गोन्पो बाहेर पायरीवर बसून होता. घरी निघताना त्याने विचारलं, "बोधिसत्त्वाच्या घरी आज जेवायला काय आहे?"

सातूचं पीठ होतं. लोणी नव्हतं. कुरण मुळापर्यंत खाल्लं गेलं होतं, त्यात नवा कळप उभा राहणं शक्य नव्हतं. उन्हाळा सरता सरता त्यांनी उरलेले याक खाटकाच्या दलालाला दिले आणि सासूला घेऊन खाली रस्त्याकाठच्या वस्तीत एका खोलीत राहायला गेले. दोर युमत्सोने स्वतः बांधले. सेरमो ट्रकमध्ये चढायला तयार नव्हती. युमत्सो मिठाचा खडा दाखवत पुढे झाली, तेव्हा ती तिच्या मागोमाग चढली.

शरदात ल्होद्रुप पुन्हा ट्रक घेऊन आला. युमत्सो बघायला गेली होती. फळी खाली टाकली आणि कानात लाल लोकर घातलेली सेरमो उतरली. गर्दीतून वाट काढत ती सरळ युमत्सोकडे आली आणि तिचा तळवा चाटायला लागली.

ल्होद्रुप भारावून गेला. "बघा, मुक्या जनावरालाही उपकार कळतात."

"मी वाढवलीय तिला," युमत्सो म्हणाली.

"म्हणजे तुम्ही हिला कापायला विकलीत?" त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "असू दे. तुमच्यासाठीही मी प्रार्थना करीन."

"प्रार्थना नको. हिवाळ्यात गवत पाठवा."

लोक चपापले. ल्होद्रुपने लामांकडे पाहिलं. "पाठवेल, पाठवेल," लामा म्हणाले आणि त्यांनी मंत्र सुरू केले. सेरमोला इतरांबरोबर चढावर हाकललं, तेव्हा युमत्सो तिथून निघून गेली. व्रताचे शब्द त्यानंतर तिच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. एकदा सासूने विचारलं, तर म्हणाली, "आये, ते म्हणायला मोठं घर लागतं."

त्या वर्षीही बर्फ पडलं. युमत्सो खिडकीशी उभी राहायची. तिथून वरचं खोरं दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो. तिसऱ्या दिवशी गोन्पोने कोट चढवला.

"कुठे निघालास?"

"गोम्पात. गवत आलंय का विचारून येतो."

तो संध्याकाळी परतला आणि शेगडीपाशी बसून भिजलेले बूट काढायला लागला. युमत्सोने त्याच्यापुढे काळा चहा ठेवला.

"काय म्हणाले?"

"पूजा चालू आहे म्हणाले. सगळ्या प्राणिमात्रांसाठी."